दक्षिण दर्शन, सतरा दिवस

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पलूसमधली घरं भरायची. लेकी माहेरी यायच्या, पुण्या-मुंबईची पोरं यायची, शेजारच्या अंगणात अंथरुणं पुरायची नाहीत. आमचं घर तेवढं रिकामं व्हायचं. माझे अब्बा, बाबालाल, सांगलीतल्या एका यात्रा कंपनीत आचारी होते आणि लोकांची सुट्टी हाच त्यांचा हंगाम होता. शेवटचा पेपर देऊन मी घरी यायची तेव्हा दारामागची त्यांची पत्र्याची पेटी गेलेली असायची. दिवाळीतही तेच. ईद तर चंद्राप्रमाणं वर्षभर फिरणारी. ती कधी त्यांना द्वारकेत गाठायची, कधी दार्जिलिंगला. एकदा ते घरी आले आणि मी शिरखुर्म्याची वाटी पुढं केली, तर म्हणाले, "ही कवाची?" मी म्हटलं, "ईद होऊन अकरा दिस झालं. दूध आजचं हाय." त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि बराच वेळ ती हातातच धरून बसले.

अम्मी मी पाच वर्षांची असताना गेली. मला वाढवलं ते फुपीनं, अब्बांच्या थोरल्या बहिणीनं. ती बांगड्या भरायची. रोज कुठल्या ना कुठल्या गावचा बाजार असायचा. आज कुंडल, उद्या भिलवडी. सकाळी भाकरी थापून, वर खर्डा आणि कांदा ठेवून ती पाटी डोक्यावर घ्यायची ती दिवेलागणीलाच परत. सुट्टीतले ते लांबलचक दिवस मी त्या दोन खोल्यांत एकटी काढायची. दुपारी पिठाची गिरणी बंद झाली की सगळं गाव एकदम बहिरं झाल्यासारखं वाटे. मग लांबून रेल्वे जायची. मिरजेकडून आली की पुण्याकडून, हे मला आवाजावरून कळायचं. फुपी परत येताना तिच्या पाटीतल्या बांगड्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा, आणि तो आला की मी घाईघाईनं पुस्तक उघडून बसायची, दिवसभर काही करत नव्हते हे तिला दिसू नये म्हणून.

पुस्तक म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचं माहितीपत्रक. दरवर्षी दिवाळीनंतर नवं निघायचं, गुळगुळीत कागदाचं, आणि अब्बा एक घरी आणायचे. काश्मीर, राजस्थान, अष्टविनायक, सिमला-मनाली, दक्षिण दर्शन, काशी-प्रयाग. प्रत्येक सहलीखाली दिवसवार लिहिलेलं असायचं: पहिला दिवस प्रस्थान, दुसरा दिवस अमुक, मुक्काम तमुक. आमच्या वर्गातल्या मुली सुट्टीत मामाच्या गावाला जायच्या, फार तर महाबळेश्वरला. मी त्यांना सांगायची की यंदा आम्ही राजस्थानला जाणार आहोत. खोटंही नव्हतं ते. आमच्यापैकी एकजण जातच होता.

पण अब्बांना त्या ठिकाणांबद्दल विचारावं तर काही वेगळंच हाती लागायचं. मी विचारायची, काश्मीर कसं हाय? ते म्हणायचे, "पानी लय गार. पातेली घासून हात बधिर व्हत्यात. अन् वर डोंगरात डाळ शिजंना, घटकाभर जास्त जळान लागतं." ताजमहाल? "आग्र्याला बटाटा चांगला मिळतो." उटीला थंडीनं स्टोव्ह पेटत नाही, जयपूरच्या मिरचीला रंग आहे पण झणका नाही, काशीत दूध बघून घ्यावं लागतं. पहिल्यांदा मला वाटलं, ते माझी थट्टा करतायत. पुढं कळलं की प्रवासी देखावे बघायला बाहेर पडायचे तेव्हा अब्बा लॉजच्या मागच्या अंगणात चाळीस माणसांच्या पोळ्या लाटत असायचे. सूर्योदय बघायला सगळे पहाटे टेकडीवर जायचे, तेव्हा खाली उपमा ढवळला जायचा. एवढा मोठा देश त्यांनी टोकापासून टोकापर्यंत पालथा घातला होता आणि त्यांना ठाऊक होती ती फक्त त्याची मागची अंगणं.

आज माझा मुलगा शिरवळला कारखान्यात आहे. चार दिवसांची जोडसुट्टी आली की तो, सून आणि नात सोफ्यावर डोक्याला डोकं लावून बसतात आणि मोबाइलवर गावं सरकवत राहतात. मुन्नार नको, लय गर्दी. गोवा तर मागच्या वेळी झालं. मनालीला बर्फ असेल का बघ. नात मला विचारते, "दादी, तू सांग कुठं जायचं?" मी म्हणते, तुम्ही ठरवा. ती म्हणते, तुला काही आवडतच नाही. मला एकदाच विचारलं गेलं होतं आणि मी एकदाच ठरवलं होतं, हे तिला मी सांगितलेलं नाही.

दहावीचं वर्ष सुरू झालं तेव्हा अब्बा म्हणाले, "परीक्षा झाली की तू म्हणशील त्या सहलीला तुला नेतो. मालकांना बोललोय. मागची चाकावरची शीट मोकळीच असते." फुपी म्हणाली, "पोरीला घेऊन कुठं भटकतोस रं? लोक काय म्हनतील?" अब्बा म्हणाले, "लोकं पैसं भरून भटकत्यात ते कोण?" मग फुपीनं विषय सोडला, पण त्या वर्षभर ती मला भाकरी वाढताना म्हणायची, "खा, उद्या समुद्राकाठी तुला कोण वाढणार हाय!"

मी वर्षभर ते माहितीपत्रक वाचलं. भूमितीची प्रमेयं मला अजून येत नाहीत, पण सिमला-मनालीचा चौथा दिवस अजून सांगता येईल. वर्गातल्या मुलींनी सल्ले दिले. एक म्हणाली काश्मीरला जा, तिथं होडीत राहायला मिळतं. एक म्हणाली राजस्थान, उंटावर बसता येतं. मी प्रत्येकीला हो म्हणायची. ठरवायची वेळ आली तेव्हा अब्बांनी माहितीपत्रक माझ्यासमोर उघडं धरलं आणि विचारलं, "बोल." मी म्हटलं, "दक्षिण दर्शन." ते खूश झाले. म्हणाले, "व्हय, समुद्र बघावा माणसानं." समुद्राचा मी विचारही केला नव्हता. काश्मीर चौदा दिवसांचं होतं, राजस्थान बारा, सिमला-मनाली तेरा. दक्षिण दर्शन सतरा दिवसांचं. अब्बा सलग सतरा दिवस माझ्याजवळ असे कधीच नव्हते. मी ठिकाण निवडलंच नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी ते पेटी भरत होते. दोन पांढरे सदरे, दोन धोतरं. ते धोतर नेसतात हे मला ठाऊक नव्हतं; घरी ते लेंगाच घालायचे. घडी घालता घालता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "शकिला, एक ध्यानात ठेव. तिथं समदी मला बाबूमहाराज म्हणत्यात. तुला शकू म्हणतील. तू मला अब्बा म्हणू नको. बाबा म्हण."

मी विचारलं, "का?"

"लोकं देवदर्शनाला निघालेली असत्यात. सोवळ्याओवळ्याची काही जण असत्यात. मालकांनी पयल्यापास्नं महाराज म्हटलं, मी व्हय म्हटलं. मी कुणाला खोटं सांगितलेलं न्हाई. कुणी इचारलंच न्हाई." पेटीचं झाकण लावत म्हणाले, "अब्बाचं बाबा. तेवढाच तर फरक हाय."

तेवढाच होता. पण गाडी सांगलीहून सुटली आणि माझ्या लक्षात आलं की मला तो शब्द तोंडातून काढता येत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काही हवं असलं तर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि ते वर बघेपर्यंत थांबायची. ते बघायचेच असंही नाही. पहाटे चारला त्यांच्या शेगड्या पेटायच्या. गाडी चालू असताना ते आणि त्यांचा मदतनीस नाना मागं भांड्यांना टेकून झोपून जायचे. मुक्काम आला की पुन्हा कणीक. तिथं ते घरच्यापेक्षा वेगळेच माणूस होते. घरी चार शब्द बोलणारे अब्बा इथं प्रवाशांची चेष्टा करायचे, आजीबाईंना मऊ भात वेगळा काढून द्यायचे, "साखर कमी खावा काका, परत यायचंय न्हवं घरी?" म्हणून हसवायचे. एक्केचाळीस माणसं त्यांना हाका मारत होती. मी एकटीच मारत नव्हते.

गाडीत माझ्या शेजारी मालतीबाई होत्या. सांगलीच्या, शाळेत शिक्षिका, लग्न केलेलं नव्हतं. दरवर्षी एक सहल करायच्या. देशाचा नकाशा वहीत काढून त्यांनी पाहिलेल्या जागा रंगवल्या होत्या आणि उरलेला दक्षिणेचा भाग या वर्षी रंगवायचा होता. त्यांनी मला खिडकीची जागा दिली. म्हैसूरला चंदनाचा साबण घेऊन दिला. अम्मी गेल्यापासून माझी वेणी फुपीच घालायची, तीही घाईत, ओढूनताणून. मालतीबाईंनी उटीच्या थंडीत स्वतःचा रुमाल माझ्या डोक्याला बांधला आणि केस सोडवून सावकाश वेणी घातली. मला आठवतं, वेणी संपू नये म्हणून मी मान हलवत होते.

मदुराईच्या देवळातून परतताना त्यांनी सहज विचारलं, "शकू, तुमचं कुलदैवत कुठलं गं?"

मी म्हटलं, "खंडोबा." पालीची जत्रा मी लहानपणी पाहिली होती, तेच तोंडात आलं.

"अगं, आमचाही!" त्या हसल्या आणि माझा हात धरला. हॉटेलपर्यंत सोडला नाही. मला वाटत होतं त्यांनी सोडावा, आणि वाटत होतं कधीच सोडू नये.

नववा दिवस कन्याकुमारीचा. त्या दिवशी दुपारी पुरणपोळी असायची, हे कंपनीच्या माहितीपत्रकात जाड अक्षरांत छापलेलं होतं. लोक तीन समुद्रांइतकीच त्या पुरणपोळीची वाट बघायचे. एक गुळाचे अडतदार आप्पा होते आमच्यात, सत्तरीचे, सुटलेल्या पोटाचे. सांगली सोडल्यापासून त्यांची तक्रार चालू होती. "महाराज, मीठ घरीच राहिलं का? महाराज, ही आमटी का गंगाजल?" त्या सकाळी तेही म्हणाले, "आज तुमचा गूळ मी तपासणार बघा." सगळे होडीनं समुद्रातल्या खडकाकडं जायला निघाले. निघताना मी मागच्या अंगणात गेले. अब्बा पुरण वाटत होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

मी म्हटलं, "तुमी चला की. एकदा. समुद्र दोन पावलांवर हाय."

"पोळ्या कोण करंल? जा, बघून ये. मग मला सांग." आणि खाली मान घातली.

होडीच्या रांगेत मालतीबाई शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "ही आमच्या खंडोबाची लेक." त्या बाई म्हणाल्या, "हो का? कुठली गं तू मूळची? आडनाव काय?" मी म्हटलं, पाणी पिऊन येते. आणि रांगेतून बाहेर पडले.

मी चालत राहिले. दोन्ही बाजूंना शंख-शिंपल्यांची दुकानं, शंखांच्या माळा, शंखांचे आरसे, तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देणारा एक माणूस. गल्ली संपली की समुद्र. वळून दुसऱ्या गल्लीत शिरावं तर पुन्हा समुद्र. लॉजचं नाव मी वाचलंच नव्हतं. तमिळमध्ये कुणाला काय विचारणार? अर्ध्या तासानं मला कळलं की मी हरवलेय, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. तिथं मला कुणी शकू म्हणत नव्हतं. शेवटी एका पोलीस चौकीसमोर मी उभी राहिले. हवालदार वयस्कर होता, मोडकं हिंदी बोलायचा. त्यानं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर लाउडस्पीकरचं यंत्र ओढून विचारलं, "बाप का नाम?"

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मी घाबरले होते, म्हणून तोंडातून गेलं. फुपीला तेच सांगितलं, नवऱ्यालाही तेच. आता या वयात लिहायला बसलेय तर नीट लिहिते. मी घाबरले नव्हते. "बाबूमहाराज, सांगली" एवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या स्वच्छ कळत होतं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि पूर्ण नाव सांगितलं.

लाउडस्पीकर होडीच्या रांगेवर होता, देवळाच्या कोपऱ्यावर होता, सगळ्या किनाऱ्यावर होता. आधी तमिळमध्ये काहीतरी, मग हिंदीत: "सांगली, महाराष्ट्र से आये हुए बाबालाल दस्तगीर मुलाणी. बाबालाल दस्तगीर मुलाणी. आपकी लड़की शकिला पुलीस चौकी में है." तीन वेळा सांगितलं. माझ्या अब्बांचं नाव इतक्या मोठ्यानं कुणी घेतलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, पुढंही नाही.

ते पळत आले. धोतराचा सोगा हातात, बोटांवर पुरण वाळलेलं, छाती धपापत होती. चौकीत शिरून त्यांनी आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग खांद्यावर, जणू मी सगळी आहे ना हे मोजत होते. मी म्हटलं, "अब्बा." नवव्या दिवशी पहिल्यांदा. ते हवालदाराशी बाजूला काहीतरी बोलले, कागदावर सही केली आणि आम्ही निघालो.

मला वाटलं ते रागावतील. ते चालत राहिले. किनाऱ्याच्या कठड्याशी आल्यावर एकदम थांबले. वारा जोरात होता. खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे व्हय ते?"

"काय?"

"तीन समुद्र. लोकं म्हणत्यात, तिन्हीचं रंग येगळं दिसत्यात. मला तर समदं एकच पानी दिसतंय." मग थोड्या वेळानं, "अकरा येळा आलो इथं मी. अकरा." आम्ही तिथं किती वेळ उभे होतो सांगता येत नाही. मला आठवतं ते एवढंच की त्यांना जायची घाई नव्हती. सतरा दिवसांत ते माझ्याजवळ असे होते ते तेवढा वेळ. मग म्हणाले, "चल. नाना तव्यावर हाय. समदं जाळून ठेवंल."

लॉजवर पंगत मांडलेली होती. पानं अर्धीच भरलेली. कंपनीचा मॅनेजर नवा पोरगा होता, त्याचा चेहरा उतरला होता. तो हळूच म्हणाला, "महाराज, आज नाना वाढेल. तुम्ही पुढं येऊ नका."

अब्बा म्हणाले, "मी कवाच पुढं येत न्हाई, सायेब."

दोन कुटुंबांना एकदम उपास आठवला होता. ती केळी खात बसली होती. काही जणांनी पानात पोळी घेतली आणि नुसतीच चिवडली. कुणी काही वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर निदान आवाज झाला असता. स्वयंपाकघराच्या दारातून मला सगळं दिसत होतं आणि अब्बा माझ्यामागं उभे होते, त्यांनाही दिसत होतं. तेवढ्यात आप्पांनी ताट वाजवलं.

"अहो महाराज! कटाची आमटी कुठाय? नुसती पोळी घशाखाली उतरायची कशी? आं? माणसं मारायला आणलीत काय एवढ्या लांब?"

नाना आमटी घेऊन धावला. आप्पांनी पाच पोळ्या खाल्ल्या, तुपाची वाटी दोनदा मागितली आणि उठताना म्हणाले, "गूळ बरा होता. मीठ कमीच." ते मनानं मोठे होते की नुसते भुकेले, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पण त्यांच्यामागून आणखी आठदहा जण जेवले.

मालतीबाई जेवायला आल्या नाहीत. पित्त झालंय म्हणाल्या. संध्याकाळी गाडीत त्या माझ्या शेजारीच बसल्या, पण दोघींच्या मध्ये त्यांनी आपली पिशवी ठेवली. खिडकी माझीच राहिली. त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत, हे मला लिहायला हवं. पुढचे आठ दिवस त्यांनी मला सगळं विचारलं: पाणी हवंय का, थंडी वाजतेय का, गोळी देऊ का. वेणी मात्र मी माझी घातली. सांगलीला उतरताना त्यांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, "खूप शीक." तेव्हा मला वाटलं होतं, आमच्या हातचं खाल्लं याचा त्यांना विटाळ झाला. पुढं मीही शिक्षिका झाले, शाळेतल्या पोरांची निरागस तोंडानं सांगितलेलं खोटं ऐकलं, आणि वाटू लागलं, कुणास ठाऊक, त्यांना लागलं ते माझं खंडोबाचं खोटं असेल. त्यांनी ते खरं मानून माझा हात धरला होता. मी कधी जाऊन विचारलं नाही.

पुढच्या दिवाळीत कंपनीचं बोलावणं आलं नाही. अब्बा स्वतःच सांगलीला गेले. मालकांनी खुर्ची दिली, चहा दिला, म्हणाले, यंदा बुकिंग कमी आहे. परत येताना अब्बांनी सवयीनं नवं माहितीपत्रक आणलं होतं. त्यात दोन सहली वाढल्या होत्या.

त्यानंतर ते गावातल्या, आजूबाजूच्या लग्नांत स्वयंपाक करू लागले. तिथं सगळी त्यांना बाबालालच म्हणायची आणि पोटभर जेवायची. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. काम मिळत होतं. पण लग्न काही रोज नसायचं, आणि सुट्ट्यांत ते आता घरी होते. लहानपणापासून मी दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि आता ते मिळालं तर त्या दोन खोल्यांत दोन माणसं गप्प बसलेली असायची. पहाटे चारला त्यांना जाग यायची; चूल पेटवायचं कारण नसायचं, मग ते ओट्यावर जाऊन बसायचे. मे महिन्यात एकदा मी त्यांना चहा द्यायला गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "आज पाचवा दिस. उटी. आज स्टो पेटायचा न्हाई लवकर." मी चहा त्यांच्याजवळ ठेवला. एवढी वर्षं ते कुठं आहेत हे मी माहितीपत्रकात बघून ओळखायची. आता ते समोर होते आणि तरी तसंच ओळखावं लागत होतं.

मी डी.एड. केलं, वाईला शाळेत लागले, तिथंच संसार झाला. फुपी गेल्यावर अब्बांना मी वाईला आणलं. ऐंशी ओलांडली होती. संध्याकाळी मी त्यांना कृष्णेच्या घाटावर घेऊन जायची. रविवारी तिथं पर्यटकांच्या गाड्या थांबायच्या, माणसं भराभरा उतरून फोटो काढून पाचगणीकडं जायची. अब्बा त्यांच्याकडं बघत म्हणायचे, "ह्यांचा सैपाक कुठं चाललाय?" मी सांगायची, आता लोक हॉटेलात जेवतात. त्यांना ते पटायचं नाही.

अशाच एका रविवारी मी त्यांना सांगितलं. का त्याच दिवशी, ठाऊक नाही. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि मनात ठेवायला जागा कमी पडू लागली होती, एवढंच. पायरीवर त्यांच्या शेजारी बसून मी म्हटलं, "अब्बा, कन्याकुमारीला मी हरवले होते ना. त्या हवालदारानं नाव विचारलं तेव्हा मी घाबरले नव्हते. मी मुद्दाम सांगितलं पुरं नाव."

ते म्हणाले, "व्हय."

"व्हय म्हंजी?"

"मला ठावं हाय."

"कवापास्नं?"

"तवाच. त्या हवालदारानं सांगितलं. म्हणाला, तुमची पोरगी रडली न्हाई, भ्याली न्हाई. पानी पेली अन् तुमचं नाव दोनदा सांगितलं, चुकायला नगं म्हणून."

दोनदा सांगितलेलं मला आठवत नव्हतं. म्हणजे कठड्याशी उभे राहिले, समुद्र बघत होते, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. पंगतीत अर्धी पानं रिकामी होती तेव्हा ठाऊक होतं. पहाटे चारला ओट्यावर बसायचे, त्या सगळ्या वर्षांत ठाऊक होतं. मी विचारलं, "मग तुमी मला कवा काय बोलला का न्हाईत? तुमचं काम गेलं माझ्यापायी."

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. मी काही चुकीचं विचारलंय असं त्यांच्या तोंडावर होतं.

"काय बोलायचं?" ते म्हणाले. "नाव माझंच हुतं की."